मातीचा पेला पुन्हा माती होतो काय?

कोलकात्यात रस्त्याच्या कडेला चहा मागितला, की तो पुष्कळदा तळहातात मावेल एवढ्या तांबूस मृत्पात्रातून मिळतो. बंगालीत त्यास 'भाँड' म्हणतात. आपल्या 'भांडे' या शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच, संस्कृत 'भाण्ड'. उत्तर भारतात असेच पात्र 'कुल्हड' या नावाने ओळखले जाते. चहा संपताच पिणारा ते टाकून देतो आणि 'मातीचे होते, मातीस मिळाले' असे समाधान मानतो. हे समाधान कितपत शास्त्रशुद्ध आहे, ते पाहू.

गंगेच्या खोऱ्यातील चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म व पापुद्र्यांसारखे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले, की ते परस्परांवरून घसरतात; म्हणूनच मळलेला गोळा फिरत्या चाकावर कुंभाराच्या बोटांना वश होतो. एकाच मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर तो पेल्यामागून पेला घडवितो आणि दोऱ्याने कापून उतरवितो. उन्हात वाळलेला हा पेला अद्याप मातीच असतो. पाण्यात टाकला, तर त्याचा चिखल होईल.

खरे परिवर्तन आव्यात घडते. सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या पुढे मातीच्या खनिजांत रासायनिक रीत्या बद्ध असलेले पाणीही निघून जाऊ लागते. खनिजांची मूळ रचना मोडते, आणि उष्णतामान आणखी वाढले म्हणजे कण कडांशी एकमेकांस चिकटतात. लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन तांबडा रंग येतो. असा नीट भाजलेला पेला कितीही भिजविला, तरी त्याचा चिखल होत नाही. तो फुटतो, झिजतो. पण त्याचे खापर खापरच राहते. मोहेंजोदडो येथे टोकदार बुडाचे मातीचे पेले विपुल सापडले. ते एकदाच वापरून टाकण्याचे असावेत, असे काही संशोधकांचे मत आहे. चार हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी ते माती झालेले नाहीत!

झिलई नसल्यामुळे पेल्यातील असंख्य छिद्रे उघडी राहतात. त्यांतील हवा उष्णता सावकाश वाहू देते, म्हणून ऊन चहा हातास सुसह्य होतो. केशाकर्षणाने थोडा चहा भिंतीत शिरतो, आणि मग ते पात्र धुऊन पुरतेपणी स्वच्छ करणे कठीण. उष्ट्याविषयीच्या जुन्या कल्पनांनी जी रीत रूढ केली, तिला हे एक भौतिक कारणही होते.

२००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी आगगाड्यांत कुल्हड आणविला; पुढे कागद व प्लॅस्टिक यांनी त्याची जागा बळकावली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर देशभर बंदी आली. प्लॅस्टिकच्या तुलनेत खापर निरुपद्रवी, यात संशय नाही. परंतु प्रत्येक पेल्यामागे मूठभर चांगली माती कायमची खर्ची पडते आणि आव्यात इंधन जळते, हा हिशेब प्रस्तुत लेखकास महत्त्वाचा वाटतो. खापरांची पूड ताज्या मातीत मिसळली, तर वाळताना व भाजताना तडे कमी जातात. चुन्यात कालविली, तर तीच सुरखी होऊन बांधकामास उपयोगी पडते. त्यासाठी चहाच्या दुकानापाशी फुटके पेले वेगळे गोळा करावयास हवेत.