कानामागची पेन्सिल

सांगलीच्या टिंबर एरियात पूर्वी ओंडका चिरायचा म्हणजे आधी दोरी मारायची. गेरूत किंवा काळ्या रंगात भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मधे उचलून सोडायचा. करवतीला तेवढी रेघ पुरे. पेन्सिल लागे ती कुसू आणि खाच आखायला, जिथे अर्ध्या सुताची चूकही सांध्यात दिसते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आत. बोथट पेन्सिलची जाड रेघ त्यातलं किती खाते, हे जुन्या सुतारांना सांगावं लागत नसे.

ही पेन्सिल बहुधा शाळेचीच. मुंबईची हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनी 1958 ची. तिची लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज दप्तरात होती तशी सुताराच्या कानामागेही होती. चपट्या सुतारी पेन्सिली होत्या, पण कमी. खरं तर कामाच्या त्याच. घरंगळत नाहीत, परांचीवरून खाली पडत नाहीत, शिसं जाड असल्याने मोडत नाही आणि पटाशीने टोक काढता येतं. शाळेच्या पेन्सिलीचं शिसं पडल्यावर आतल्या आत तडकतं, मग तासाल तितकं टोक गळतं.

जिल्ह्यात पेन्सिलीची परीक्षा सगळ्यात कडक कुठे, असं विचाराल तर मी दोन जागा सांगेन. एक म्हणजे किर्लोस्करवाडी, 1910 मध्ये वसलेली, एकेकाळी नांगर ओतणारी. ओतकामाचा लाकडी नमुना मूळ वस्तूपेक्षा मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना शेकड्याला सुमारे एक भाग आकसतं. त्या हिशेबात जाड रेघेला जागा नाही. तिथे कडक शिशाचं बारीक टोकच हवं. शिशात माती जास्त तितकं ते कडक. हे मिश्रण फ्रान्सच्या काँतेने 1795 मध्ये पेटंट केलं.

दुसरी जागा मिरज. सतार-तंबोऱ्याचं तूनचं लाकूड, वर लाखेचं पॉलिश. तिथे कडक शिसं दाबून चालवलं तर लाकडात चर पडतो आणि घासूनही जात नाही. हलक्या हाताची, पुसता येणारी रेघच बरी. टिकाऊ पेन्सिल हवी, टिकाऊ रेघ नको. दुकानात नेमकी उलट मागणी होते.

ओल्या लाकडावर मात्र शिसं चालत नाही. कृष्णेच्या 2005 आणि 2019 च्या पुरात भिजलेल्या चौकटींवर साधी पेन्सिल नुसती घसरणार. पाण्याने जांभळी होणारी कॉपिंग पेन्सिल ओल्यावरही उठते, पण डाग कायमचा. म्हणून ती मागच्या बाजूलाच वापरावी.

प्लाय आणि सनमायका बरेच आधी आले, अलीकडे त्यांच्या कामासाठी लांब नळीच्या, आतलं शिसं बदलता येणाऱ्या पेन्सिली. बिजागरीच्या भोकातून आत खूण करायला त्यांच्यासारखं दुसरं नाही. पण चकचकीत सनमायकावर शिसं टिकत नाही. तिथे चिकटपट्टी लावून तिच्यावर आखतात. लेझर लेव्हल आली तरी दिवा बंद झाला की रेघ गेली, म्हणून तिच्यावरूनही पेन्सिल फिरवावीच लागते.

जस्ताच्या पत्र्यावर मात्र पेन्सिल नकोच. शिशाच्या रेघेखाली दमट हवेत जस्त खाल्लं जातं आणि रेघेच्या वाटेनेच गंज चढतो. पावसाळ्याआधी शेड घालणाऱ्याने तिथे मार्कर घ्यावा.