सहा वाद्यें, एक वादक

एखादी ध्वनिमुद्रिका लावावी, सहा वाद्यांचा मेळ ऐकूं यावा, आणि चौकशी करतां तीं सारीं वाद्यें एकाच माणसानें वाजविलीं असें कळावें, तर तें खरें वाटणार नाहीं. परंतु १८ एप्रिल १९४१ रोजीं सिडने बेशे यानें व्हिक्टर कंपनीसाठीं 'द शेख ऑफ अरेबी' हें गीत असेंच मुद्रित केलें.

१८९७ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें जन्मलेला बेशे मूळचा क्लॅरिनेटवादक. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्यें त्याला सोप्रानो सॅक्सोफोन गवसला व पुढें तेंच त्याचें मुख्य वाद्य झालें. १९२३ मध्यें क्लॅरन्स विल्यम्सच्या मेळांत त्याच्या पहिल्या मुद्रिका निघाल्या. मंदीच्या दिवसांत मात्र या कलावंतावर हार्लेममध्यें शिंप्याचें दुकान चालविण्याची पाळी आली. १९३९ च्या 'समरटाइम' या मुद्रिकेनें त्याचें नांव पुन्हां लोकांच्या तोंडीं आलें.

आतां त्या सहा वाद्यांची युक्ति पाहूं. अमेरिकेंतील मुद्रणगृहांत तेव्हां चुंबकीय फीत आलेली नव्हती. प्रथम एक वाद्य वाजवून तबकडी कोरावयाची. ती लावून, ऐकत ऐकत दुसरें वाजवावयाचें, आणि दोहोंचा नाद नव्या तबकडीवर घ्यावयाचा. याप्रमाणें क्लॅरिनेट, दोन जातींचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम यांचे थर चढले. दर खेपेस आधींचें वादन थोडें फिकें होई. आणि चूक झाल्यास ती पुसतां येत नसे, तो थर पुन्हां वाजवावा लागे.

परंतु जॅझचा प्राण संवादांत आहे. एकानें सूर टाकावा, दुसऱ्यानें अनपेक्षित उत्तर द्यावें, आणि त्या उत्तरानें पहिल्याचा विचार बदलावा. आपल्याकडे गवई व तबलजी यांच्या नजरानजरेंत हेंच घडतें. येथें मात्र आधींचा बेशे नंतरच्या बेशेचें ऐकूं शकत नव्हता. तो बोलून मोकळा झालेला होता. म्हणून ही मुद्रिका थक्क करते, पण चौघां साथीदारांसह वाजविलेल्या 'समरटाइम'ची ऊब मला तींत आढळत नाहीं.

बेशे १४ मे १९५९ रोजीं, आपल्या वाढदिवशींच, पॅरिसजवळ निवर्तला. थरावर थर चढविण्याची ती रीत आज मुद्रणगृहांत नित्याची झाली आहे. गायक पुष्कळदां आधींच मुद्रित झालेल्या साथीवर एकटाच गातो. या सोयीनें काय मिळालें आणि काय गेलें, हें पाहावयाचें असल्यास या दोन मुद्रिका एकापाठोपाठ ऐकाव्या.