कुरकुर नको, पण मौनही नको

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या माणसाला यवतमाळ माहीत असते ते कचेरीचे, दवाखान्याचे आणि बाजाराचे गाव म्हणून. पण १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी याच यवतमाळात होती, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण इथे पाळक होण्याचे शिक्षण घेत होते. अशा माणसांनी पुढे ज्या मंडळ्यांत उपदेश केले, तिथे एक शिकवण हमखास ऐकू येते : प्रभूची सेवा मनापासून करावी, कुरकुर करू नये. आधार असतो पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा, अध्याय २, वचन १४. शिकवण खरी आहे. तिचा वापर मात्र नेहमीच सरळ नसतो. पगार थकलेला पाळक, मिशनच्या दवाखान्यात पाठोपाठ रात्रपाळ्या करणारी नर्स, तुटपुंज्या मानधनावर खेडोपाडी फिरणारी बायबलबाई, यांच्यापैकी कुणी तोंड उघडले की हेच वचन पुढे केले जाते. सेवकाने मन आंबू देऊ नये, एवढेच ते वचन सांगते. अन्याय दिसला तरी गप्प बसावे, असे त्यात कुठेही नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द फिलिप्पै शहरातलाच आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला यांना तिथे चौकशीशिवाय फटके मारून कैदेत टाकले जाते. पाय खोड्यात अडकलेले असताना दोघे मध्यरात्री देवाची स्तोत्रे गातात. उपदेशात हा प्रसंग रंगवून सांगतात आणि बहुधा इथेच थांबतात. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो, यांना सोडून द्या. पौल जायला तयार होत नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावे, असा त्याचा हट्ट, आणि ते येऊन विनवण्या करतात. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच. कुरकुर करू नका हे त्याने ज्या मंडळीला लिहिले, तिच्या गावातच हे घडले होते. त्याचा अर्थ तोंड मिटून सोसा असा तिने घेतला असेल, हे संभवत नाही.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्यांतून मुक्ती मिशन वाढले. त्याच १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकामुलींचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, तरी बाई गप्प बसल्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही धर्मगुरूंचा शब्द म्हणून काही मानायला त्या तयार नव्हत्या. इंग्लंडातल्या त्यांच्या धार्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वादांनी भरलेला आहे. पण या वादांपायी हातातले काम कधी सैल पडले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही आश्रमातल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पुरे झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही असेच. मिशनची परदेशी चाल पटेना, तेव्हा १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभा केला. प्रभूची सेवा सोडली नाही.

यावर कुणी म्हणेल, येशू तर पिलातापुढे मुका राहिला. खरे आहे, पण आदल्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात शिपायाने तोंडात मारली, तेव्हा त्याने विचारले की माझे बोलणे योग्य असेल तर मला का मारतोस. त्याचे मौन भीतीचे नव्हते, तसा तो सगळ्यांना लावायचा नियमही नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तक्रारीला मोकळीक दिली की जो तो आपल्या रुसव्यालाच न्याय म्हणेल आणि मंडळी फुटेल. ही भीती अनाठायी नाही. अरण्यातल्या इस्राएल लोकांची रडगाणी, द्राक्षमळ्यात शेजाऱ्याची मजुरी मोजणारे मजूर, उधळ्या भावाच्या स्वागतावर रुसलेला थोरला, यांना बायबल कौतुकाने पाहत नाही. पण यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते, तेव्हा प्रेषितांनी त्यांना श्रद्धा कमी आहे म्हणून दटावले नाही. मंडळीला सात माणसे निवडायला लावून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. मंडळी फुटली नाही, वाढली.

तेव्हा पारख करायला तीन प्रश्न पुरेत. गाऱ्हाणे ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यासमोर मांडले, की पाठीमागे चघळले? त्यातून काही सुधारावे असे वाटते, की दुसऱ्याला मिळाले याचेच दुःख आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत हातातले काम पूर्वीइतक्याच मनाने चालू आहे का? हे प्रश्न सेवकाने स्वतःला विचारायचे आहेत. पंचकमिटीने त्यांच्या आडून थकलेला पगार लांबवायचा नाही. न कुरकुरण्याची आज्ञा सेवकाला आहे. त्याचे ऐकून घेण्याची जबाबदारी मंडळीची. दुसरी पाळली नाही, तर पहिलीचा उपदेश करण्याचा अधिकार मंडळीला उरत नाही.