ऑर्डरमध्ये काय ठेवायचं?
मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये एका ऑर्डरची सगळी माहिती तक्त्यांत न विखुरता एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवता येते. म्हणून रचना ठरवताना आधी विचारावं: कोणती माहिती नेहमी एकत्र वाचली जाते? घेतलेल्या वस्तू, त्यांचा त्या दिवशीचा भाव, घरपोच पत्ता हे ऑर्डरच्या आतच हवं. उद्या भाव वाढला तरी जुनं बिल बदलता कामा नये. भावाची ही नक्कल मुद्दाम केलेली असते. ग्राहकाची नोंद मात्र स्वतंत्र, ऑर्डरमध्ये फक्त तिचा आयडी. वस्तूवरचे अभिप्राय तर वाढतच जातात. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ एमबी आहे, आणि ती गाठण्याच्या बऱ्याच आधी काम मंदावतं. अभिप्रायांचं कलेक्शन पहिल्या दिवसापासून वेगळंच ठेवा.