अनवस्थितचित्तत्व आणि लपविलेली गोळी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे जे ८० नानात्मज विकार गणले आहेत, त्यांच्या यादीत अगदी शेवटी 'अनवस्थितचित्तत्व' येते. चित्त एका ठायी न ठरणे, असा त्याचा सरळ अर्थ. आधुनिक वैद्यकातील 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', अर्थात एडीएचडी, या विकाराशी त्याची सांगड वारंवार घातली जाते. आमच्या मते ती सावधपणे घालावी. चरकांचा शब्द एक लक्षण सांगतो. एडीएचडी हा बालपणापासून चालत आलेला, बहुधा घराण्यात उतरणारा लक्षणसमूह आहे. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसू लागलेली असावीत आणि घर, शाळा, कामाची जागा अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवावीत, असा २०१३ च्या अमेरिकन निकषांचा दंडक आहे. गेल्या वर्षी धंदा बुडाल्यापासून ज्याचे लक्ष लागत नाही, त्यास हे नाव देता येत नाही. त्याची निद्रा, चिंता व थायरॉइड आधी तपासावे.

मूल मोठे झाले की खोड आपोआप जाते, हा समज मात्र सोडावयास हवा. पुष्कळांमध्ये धावपळ ओसरते व आतली अस्वस्थता तशीच राहते. ती झाकण्याची कला रुग्ण लहानपणीच शिकतो. कचेरीत विसरभोळेपणा उघड होऊ नये म्हणून हा गृहस्थ सर्वांच्या आधी येऊन बसतो, तळहातावर टिपणे लिहितो, किल्ल्यांसाठी खिसा चारदा चाचपतो, बैठकीत न ऐकलेल्या गोष्टीवर मान डोलावतो. लोक त्यास नीटस म्हणतात. संध्याकाळी घरी पोचल्यावर तोच मनुष्य क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडतो, कारण दिवसभराचे सोंग सांभाळून त्याची शक्ती संपलेली असते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच घडते. वर्गात गप्प बसून स्वप्नात रमणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करीत नाही. पुढे सासरी दूध उतू गेले, की तिला वेंधळी ठरविले जाते आणि ती आपल्याकडे येते ती डोकेदुखी, अनिद्रा किंवा अम्लपित्त घेऊन.

आपल्या भंडारा जिल्ह्यात लपविण्याला आणखी एक कारण आहे. साकोली, पवनी वा लाखांदूरसारख्या गावी औषधविक्रेता रुग्णाच्या मामांनाही ओळखतो. त्यामुळे ज्याचे निदान झाले आहे, तो नागपुरास तपासून घेतो, तेथूनच गोळ्या आणतो आणि त्या वेष्टन काढून दुसऱ्याच बाटलीत ठेवतो. घरात मुलामुलीचे स्थळ पाहणे सुरू असेल, तर विचारावयासच नको.

या गोळ्यांत मुख्य मेथिलफेनिडेट. १९४४ मध्ये सिबा कंपनीत प्रथम बनविलेले हे द्रव्य मेंदूतील डोपामाइन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे पुनर्शोषण रोखते. साध्या गोळीचा प्रभाव साधारण चार तास टिकतो. भूक मंदावणे, झोप उशिरा येणे, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे हे त्याचे नेहमीचे उपद्रव. दुसरे औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही, मात्र पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. औषधविक्रेत्या सभासदांनी ध्यानात ठेवावे की मेथिलफेनिडेट परिशिष्ट एक्समध्ये आहे, तसेच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीतही आहे. त्यास वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक प्रत दुकानात दोन वर्षे जपावी व साठा कुलुपात ठेवावा. परवाना नसल्यास तसे शांतपणे सांगावे. संशयाने पाहू नये.

खरा धोका आपल्या खोलीत आहे. शेजारी सासू किंवा वडील बसलेले असताना 'दुसरे काही औषध चालू आहे काय?' असे विचारले, की उत्तर 'नाही' असेच येते. मग तमक श्वासासाठी आपण सोमलतेचा कल्प देतो. तिच्यातील इफेड्रिन आणि लपविलेले मेथिलफेनिडेट मिळून हृदयाची धडधड व रक्तदाब वाढवितात. कपिकच्छूत लेव्होडोपा असते, तेथेही हात आखडावा. स्मृतिसागर रसासारखे पारद, हरताल व मनःशिलायुक्त कल्प 'स्मृती वाढावी' एवढ्याच हेतूने बालकांस देणे आम्हास मुळीच मान्य नाही. ब्राह्मी, मंडूकपर्णी, शंखपुष्पी यांचा उपयोग जरूर करावा, पण या विकारातील त्यांचे पुरावे अद्याप तोकडे आहेत, हेही रुग्णास सांगावे. 'आमचे सुरू करा, ते बंद करा' हा सल्ला तर कधीच देऊ नये. काहींना क्लोनिडिन चालू असते आणि ते एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो.

म्हणून नाडी पाहण्याच्या निमित्ताने नातेवाइकांस पाच मिनिटे बाहेर बसवावे आणि प्रश्न बदलावा: 'नागपूरहून काही आणता काय? आणत असाल तर मला कळले पाहिजे, म्हणजे माझे औषध त्याला आडवे जाणार नाही. येथून बाहेर जाणार नाही.' मिळालेले उत्तर रुग्णपत्रिकेत सांकेतिक खुणेने नोंदवावे. ती पत्रिका पुष्कळदा घरची मंडळीच सांभाळतात. दुकानात गोळीचे नाव मोठ्याने उच्चारू नये, कागद अपारदर्शक असावा. ज्यांचे निदान झालेले नाही, त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. तेवढे धैर्य होत नसेल तर २०२२ पासून चालू असलेली टेलि-मानसची १४४१६ ही निःशुल्क सेवा आहे. तिच्यावर मराठीतून बोलता येते.