चार्टमधल्या सिरीजना मॅक्रोने नाव कसं द्यायचं? तोरणमाळच्या पावसाचं उदाहरण

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एक्सेलमधल्या एका छोट्या कामाबद्दल बोलू. काम छोटं असलं, तरी त्यात चूक झाली तर प्रबंधातला निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातलं घेऊ. तोरणमाळ हे सातपुड्यातलं पठार, समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर उंचीवर. धडगावही डोंगरातच. शहादा मात्र खाली, तापीच्या खोऱ्यातल्या सपाटीवर. समजा, तुम्हाला या तीन ठिकाणांच्या पावसाची तुलना करायची आहे. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. पहिल्या स्तंभात तारीख, पुढच्या तीन स्तंभांत तीन ठिकाणं आणि पहिल्या ओळीत त्यांची नावं. एका वर्षाचा चार्ट माउसने पाच मिनिटांत होतो. पण वीस वर्षांचे वीस चार्ट करायचे असतील आणि मार्गदर्शक म्हणाले, "आणखी एक ठिकाण घाला," तर? तिथे मॅक्रो लागतो. मॅक्रोची भाषा व्हीबीए. ती १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे.

सिरीज म्हणजे काय?

चार्टवरची प्रत्येक रेषा ही एक सिरीज. तिला तीन गोष्टी लागतात: नाव, आडव्या अक्षावरच्या किमती (इथे तारखा) आणि उभ्या अक्षावरच्या किमती (इथे पाऊस, मिलिमीटरमध्ये). व्हीबीएमध्ये यांना अनुक्रमे नेम, एक्सव्हॅल्यूज आणि व्हॅल्यूज म्हणतात. नाव दिलं नाही तर एक्सेल स्वतःच "सिरीज१", "सिरीज२" असं लिहून मोकळं होतं. असा चार्ट सहा महिन्यांनी उघडला की कोणती रेषा कुठली, हे तुम्हालाही सांगता येत नाही.

आधी जागा मोकळी करा

मॅक्रोने नवा चार्ट घातला, की बऱ्याच वेळा एक्सेल शहाणपणा करतं. कर्सर डेटाच्या आत असेल तर आजूबाजूचे स्तंभ उचलून ते आपणच सिरीज तयार करतं. मग तुमच्या तीन आणि त्याच्या तीन, अशा सहा रेषा दिसतात. म्हणून आधी असलेल्या सगळ्या सिरीज काढून टाका. काढताना शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे या. पहिली काढली की दुसरी पहिल्या जागी सरकते आणि पुढून मोजत गेलात तर एकाआड एक उरतात.

मुख्य कोड

इथे सगळे शब्द देवनागरीत लिहितो आहे, एडिटरमध्ये ते रोमन लिपीत टाइप करा. 'च' म्हणजे चार्ट, 'श' म्हणजे शीट, 'स' म्हणजे सिरीज, 'क' म्हणजे स्तंभाचा क्रमांक आणि 'शेवट' म्हणजे डेटाची शेवटची ओळ (आपल्या उदाहरणात १२३).

फॉर क = २ टू ४
सेट स = च.सिरीजकलेक्शन.न्यूसिरीज
स.व्हॅल्यूज = श.रेंज(श.सेल्स(२, क), श.सेल्स(शेवट, क))
स.एक्सव्हॅल्यूज = श.रेंज(श.सेल्स(२, १), श.सेल्स(शेवट, १))
स.नेम = "=" & श.सेल्स(१, क).ॲड्रेस(एक्स्टर्नल:=ट्रू)
नेक्स्ट क

न्यूसिरीज रिकामी सिरीज तयार करते, पुढच्या तीन ओळी ती भरतात. सगळ्यात महत्त्वाची ओळ नावाची आहे. तिथे आपण नाव लिहिलेलं नाही, नाव ज्या सेलमध्ये आहे त्याचा पत्ता दिला आहे.

नाव थेट का लिहायचं नाही?

पहिलं कारण निष्कर्षाचं. समजा कोडमध्ये तुम्ही पक्कं लिहून टाकलं: स्तंभ २ तोरणमाळ, ३ धडगाव, ४ शहादा. पुढे अक्कलकुव्याचा डेटा आला आणि नावं अक्षरानुक्रमे हवीत म्हणून तो तुम्ही दुसऱ्या स्तंभात घातला. आता मॅक्रो पुन्हा चालवला, तर "शहादा" हे नाव धडगावच्या आकड्यांवर बसेल. म्हणजे सपाटीचं नाव आणि डोंगराचा पाऊस! एक्सेल कुठलीही एरर देणार नाही, चार्ट छान दिसेल आणि डोंगर-सपाटीच्या तुलनेचा पाया मात्र गेलेला असेल. नाव सेलमधून घेतलं तर ते आपल्या आकड्यांबरोबरच राहतं. (अर्थात, स्तंभ वाढला की ४ चं ५ करायला हवं. हा आकडाही कोडलाच मोजायला लावला तर उत्तम.)

दुसरं कारण खास आपलं आहे. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी कळत नाही. अवतरणचिन्हांत "तोरणमाळ" पेस्ट केलं की तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. हा एडिटर जुन्या कोड पेजवर चालतो आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोड पेजच नाही. सीएचआरडब्ल्यू फंक्शनने एकेक अक्षर जोडता येतं, पण "तोरणमाळ"साठी २३४०, २३७९, २३५२, २३३९, २३५०, २३६६, २३५५ अशी सात आकड्यांची माळ ओवावी लागते. त्यापेक्षा नाव सेलमध्ये मराठीत लिहा आणि पत्ता द्या. शीटचं नाव मराठीत असेल, तर कोडमध्ये शीट क्रमांकाने बोलवा. मेसेज बॉक्समध्ये प्रश्नचिन्हं दिसली तरी घाबरू नका, चार्टवर नाव नीट येतं.

दोन सापळे

एक: लाइन चार्टमध्ये आडव्या अक्षावरच्या तारखा पहिल्या सिरीजच्या चालतात. धडगावची नोंद १० जूनपासून असेल आणि तुम्ही तिला वेगळा तारखांचा स्तंभ दिला, तरी तिची पहिली किंमत १ जूनवरच जाऊन बसते. सगळा पाऊस नऊ दिवस आधी पडलेला दिसतो! म्हणून सगळ्यांना एकच तारखांचा स्तंभ ठेवा, नाहीतर स्कॅटर चार्ट वापरा.

दोन: "पाऊस पडला नाही" आणि "नोंद झाली नाही" या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी शून्य, दुसरीसाठी रिकामा सेल. पण फॉर्म्युलातून रिकामं अवतरण आलं, तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि लाइन चार्टवर शून्य काढतं. ऐन जुलैत पर्जन्यमापक बंद असेल, तर तोरणमाळला कोरडा खंड पडल्यासारखं दिसेल. अशा ठिकाणी फॉर्म्युलात एनए() द्या.

शेवटी तपासणी

चार्टवरच्या रेषेवर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. सिरीज नावाचा फॉर्म्युला दिसेल, त्यात चार भाग: नाव, तारखा, किमती आणि क्रम. नावाच्या जागी सेलचा पत्ता दिसला पाहिजे, तयार शब्द नाही. आणि नावाचा स्तंभ व किमतींचा स्तंभ एकच असला पाहिजे. प्रत्येक रेषेला दहा सेकंद पुरतात. चार्ट प्रबंधात चिकटवण्याआधी एवढं नक्की करा, कारण एकदा तो चित्र म्हणून गेला की आतला पत्ता परीक्षकांनाही दिसत नाही.