हरळीच्या मुळीसारखे मालवेअर : पुसले तरी परत का येते?

घरातल्या संगणकात विषाणू शिरला की बहुतेक कुटुंबांत घडणारा क्रम सारखाच असतो. आधी संगणक मंदावतो. मग ब्राउझर उघडताच भलतेच शोधयंत्र समोर येते, कोपऱ्यात जाहिराती झळकू लागतात किंवा पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली ‘शॉर्टकट’ होऊन बसतात. कोणीतरी अँटिव्हायरस चालवतो, तो पाच-सात धोके पकडून नष्ट केल्याचे सांगतो आणि घरचे निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की तेच दुखणे पुन्हा हजर. शेतातली हरळी वरून खुरपली तरी जमिनीत उरलेल्या मुळीच्या एखाद्या पेरातून ती पुन्हा फुटते. चिवट मालवेअरचेही नेमके तसेच आहे.

हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही. आज घरच्या संगणकावरच बँकेचे व्यवहार होतात, मुलांचे प्रवेश अर्ज भरले जातात, जमिनीच्या कागदांच्या प्रती जपल्या जातात आणि जहाजावर किंवा आखातात नोकरीस असलेल्या माणसाने पाठवलेल्या पैशांचा हिशेबही तिथेच असतो. त्यामुळे संगणक पुन्हा वेगाने चालू लागला म्हणजे काम संपले, असे मानता येत नाही. मुळी कुठे राहिली आहे, हे शोधावे लागते.

मुळी कुठे दडते?

मालवेअरची मुख्य फाइल हा त्याचा केवळ दिसणारा भाग असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी आपण जिवंत राहावे, याची तजवीज त्याने आधीच केलेली असते. विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत ते आपले नाव घालते. ‘टास्क शेड्युलर’मध्ये दर तासाला चालणारे काम नोंदवून ठेवते किंवा ‘सर्व्हिस’ म्हणून पार्श्वभूमीत बसते. काही मालवेअर दोन भागांत काम करतात. एक भाग बंद केला की दुसरा त्याला लगेच उठवतो. अँटिव्हायरसने फाइल पुसली, पण नोंद तशीच राहिली, तर ती नोंद इंटरनेटवरून फाइल पुन्हा उतरवून घेते.

याहून खोलवर जाणाऱ्या प्रकाराला ‘रूटकिट’ म्हणतात. ते विंडोजच्या गाभ्यात शिरते आणि फायलींची यादी मागणाऱ्या अँटिव्हायरसला स्वतःचे नाव वगळून यादी देते. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, दडत असे आणि तो भाग कोणी वाचू पाहिला तर मूळची निर्दोष प्रत पुढे करत असे. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉन्फिकर’ने तर अँटिव्हायरस कंपन्यांची आणि विंडोज अपडेटची संकेतस्थळेच उघडू न देण्याची व्यवस्था केली होती. २०१८ मध्ये उजेडात आलेले ‘लोजॅक्स’ मदरबोर्डवरच्या यूईएफआय चिपमध्ये राहत असल्याने हार्ड डिस्क बदलूनही जात नसे. मात्र ते निवडक शासकीय संस्थांवरील हल्ल्यांत आढळले होते. घरगुती संगणकावर असा प्रकार फारच विरळा.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. बाधित विंडोज चालू असताना त्याच्याच आतून तपासणी करणे, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन मोजदाद करायला सांगण्यासारखे आहे. तपासणी शक्यतो बाहेरून व्हायला हवी.

पहिले काम : जोडणी तोडणे

शंका येताच वाय-फाय बंद करावे किंवा केबल काढावी. त्यामुळे माहितीची चोरी थांबते आणि मालवेअरला नवी कुमक मिळत नाही. त्यानंतर निरोगी उपकरणावरून, उदाहरणार्थ मोबाइलवरून, पासवर्ड बदलावेत. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग इतर. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्डही चोराच्या हाती देणे होय.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माहिती चोरणारी अनेक मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय लॉग-इन झाल्याची खूण असलेल्या ‘कुकी’ही नेतात. ती खूण हाती असली की पासवर्डाविनाही खात्यात शिरता येते. म्हणून पासवर्ड बदलताना ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्यायही निवडावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी.

खात्यातून पैसे गेले असतील, तर संगणकाची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

दुसरे काम : खरेच विषाणू आहे का?

‘आपला संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी भोंगा वाजवणारी खिडकी म्हणजे बहुधा केवळ एक फसवे पान असते. त्या क्रमांकावर फोन करू नये. ब्राउझर बंद करणे पुरते. कोपऱ्यात सतत येणाऱ्या इशाऱ्यांचे मूळही पुष्कळदा कधीतरी चुकून दिलेल्या ‘नोटिफिकेशन’च्या परवानगीत असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती काढून घेतली की उपद्रव थांबतो.

शोधयंत्र परत परत बदलत असेल, तर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढावीत. ती काढूनही परत येत असतील, तर कारण ‘सिंक’मध्ये असू शकते. ब्राउझर खात्याशी जोडलेला असेल, तर एका संगणकावर काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या उपकरणावरून किंवा खात्यातल्या साठ्यातून परत उतरते. अशा वेळी सिंक थांबवून प्रत्येक उपकरण स्वच्छ करावे. घरच्या संगणकावरचा ब्राउझर ‘आपल्या संस्थेद्वारे नियंत्रित’ असे सांगत असेल, तर कोणीतरी आत धोरणाची नोंद घुसवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरे काम : बाहेरून तपासणी

विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. उघडी कामे आधी जतन करावीत, कारण संगणक लगेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मुख्य विंडोज चालू होण्याआधीच एका लहान, स्वतंत्र वातावरणात साधारण १५ मिनिटे तपासणी चालते. मालवेअर त्या वेळी निद्रिस्त असल्याने त्याला लपता येत नाही.

त्यानंतर ‘सेफ मोड’चा उपयोग करावा. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडले की दुरुस्तीचा पडदा येतो. ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ४ ही कळ दाबली की विंडोज केवळ अत्यावश्यक गोष्टींनिशी सुरू होते. डिस्क कूटबद्ध असेल, तर इथे ४८ अंकी ‘बिटलॉकर’ किल्ली मागितली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. आधीच उतरवून ठेवलेली बरी.

सेफ मोडमध्ये अनोळखी प्रोग्राम काढावेत आणि ‘टास्क शेड्युलर’ तपासावा. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी एका ठिकाणी दाखवते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवून उरलेल्या पाहता येतात. संशयास्पद नोंद एकदम पुसू नये. तिच्यापुढची खूण तेवढी काढावी, म्हणजे चूक झाली तर ती परत लावता येते.

परतीच्या वाटा

संगणक स्वच्छ झाला, तरी दुखणे बाहेरून परत येऊ शकते. पहिली वाट पेन ड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकाला दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. ‘शॉर्टकट’ विषाणूने फायली गिळलेल्या नसतात. त्याने त्या केवळ अदृश्य केलेल्या असतात, आणि शॉर्टकटवर क्लिक केले की आधी विषाणू चालतो, मग फोल्डर उघडतो. म्हणून घाबरून लगेच फॉरमॅट करू नये. आधी संगणक स्वच्छ करावा. मग फोल्डरच्या सेटिंग्जमधून लपलेल्या आणि सिस्टिम फायली दिसतील असे करावे, आपली कागदपत्रे उचलून घ्यावीत आणि त्यानंतरच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. छपाईसाठी फाइल ईमेलने पाठवली, तर ही वाटच बंद होते.

दुसरी वाट राउटरची. ‘डीएनएसचेंजर’ या मालवेअरने २००७ ते २०११ या काळात जगभरातील सुमारे ४० लाख संगणक बाधित केले. संकेतस्थळांचे पत्ते सांगणारी डीएनएस सेवाच ते बदलत असे, आणि राउटरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेला असेल, तर तिथलेही डीएनएस बदलत असे. घरातल्या सगळ्या उपकरणांवर एकाच वेळी भलती पाने उघडू लागली, तर राउटर मूळ स्थितीत आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

तिसरी वाट घरच्यांनीच उघडलेली असते. महागडे सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठी घेतलेला ‘क्रॅक’ हा मालवेअरचा आवडता वाहक आहे. फायली कुलूपबंद करणारे ‘स्टॉप’ कुळातले रॅन्समवेअर मुख्यतः याच मार्गाने घराघरांत पोचले. अलीकडे आणखी एक युक्ती आली आहे. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारे पान विंडोज आणि आर या कळा दाबून काहीतरी चिकटवायला सांगते. ते पाळणारा माणूस आपल्याच हाताने मालवेअर चालवतो. कोणतीही खरी पडताळणी असे करायला सांगत नाही.

फायली कुलूपबंद झाल्याच असतील, तर त्या पुसून टाकू नयेत. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात अनेक प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्रही विषाणू काढण्याची मोफत साधने देते.

केव्हा थांबावे?

ऑफलाइन तपासणी आणि सेफ मोड यांनंतरही लक्षणे परतली, किंवा बँकेची माहिती चोरीला गेल्याचा संशय असला, तर आणखी खुरपत बसण्यापेक्षा नांगरट करणे शहाणपणाचे. कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. प्रोग्राम, इन्स्टॉलर आणि क्रॅक मात्र मुळीच घेऊ नयेत. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवावे, बाधित संगणक त्यावरून सुरू करावा, विंडोज असलेल्या डिस्कवरचे जुने विभाग पुसून टाकावेत आणि नव्याने विंडोज घालावे. मूळ विंडोज अधिकृत असेल, तर परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो. परत आणलेल्या फायली उघडण्याआधी तपासून घ्याव्यात.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा अपडेट न मिळणारा संगणक कितीही स्वच्छ केला, तरी त्याची दारे हळूहळू उघडी पडत जातात. नव्याने मांडणी करायचीच असेल, तर विंडोज ११ चालत असल्यास तेच घालावे. यंत्र जुने असल्यास मोफत मिळणाऱ्या लिनक्सचा विचार करावा.

आणि या साऱ्याच्या आधीचे, सर्वांत स्वस्त काम म्हणजे बॅकअप. महिन्यातून एकदा कागदपत्रांची प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कवरची प्रतही रॅन्समवेअर कुलूपबंद करते, कपाटातल्या डिस्कपर्यंत ते पोचत नाही. ती प्रत हाताशी असली की संगणक पुसून टाकण्याचा निर्णय एका संध्याकाळच्या कामापुरता उरतो. ती नसली, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे वाचवण्याच्या आशेने बाधित यंत्र तसेच चालवत राहण्याची पाळी येते.